मदतीतला मलिदा: जाब कोणाला विचारावा, कसा विचारावा

२३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने जमीनदोस्त झाली. जगभरातून मदत आली आणि हुकूमशहा अनास्तासिओ सोमोझाच्या नॅशनल गार्डने ती वाटेतच लाटायला सुरुवात केली. प्वेर्तो रिकोचा प्रख्यात बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंते याच्या कानावर हे गेले. आपण स्वतः सोबत असलो तर मालाला कोणी हात लावणार नाही, या हिशेबाने तो मदतीच्या विमानात बसला. ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमान उडाल्यावर लगेचच समुद्रात कोसळले.

हुकूमशहा खाणार, हे बहुतेक वेळा आधीपासून ठाऊक असते. ठाऊक असूनही ज्याने अट न घालता सही केली, त्याच्याही खात्यावर त्या लुटीचा काही भाग मांडला पाहिजे, असे माझे मत आहे. मात्र हा हिशेब रागाच्या भरात मांडला, तर त्याची वसुली उपाशी माणसाकडून होते. खालची यादी मदत देणाऱ्यांसाठी आहे, पोचवणाऱ्यांसाठी आहे, आणि पेपर वाचून त्यावर बोलणाऱ्या आपल्यासाठीही.

काय करावे

पहिला प्रश्न विनिमयदराचा विचारावा. गोदाम फोडून पोती पळवणे ही कच्च्या चोराची पद्धत. पक्का चोर मध्यवर्ती बँकेत बसतो. मदत संस्थेने आणलेले डॉलर सरकारी दरानेच बदलायचे असा नियम तो करतो. सरकारी दर आणि बाजारातला दर यांच्यातला फरक आपोआप सत्तेच्या तिजोरीत पडतो, आणि वर रीतसर पावतीही मिळते. २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळानंतर म्यानमारच्या लष्करी राजवटीने हेच केले. डॉलर देऊन सरकारी परकीय चलन प्रमाणपत्रे घ्यायची आणि ती मोडून क्यात हे स्थानिक चलन घ्यायचे, अशी सक्ती होती. या फेऱ्यात सुमारे १ कोटी डॉलर बुडाल्याचे संयुक्त राष्ट्रांना त्याच वर्षी जुलैमध्ये कबूल करावे लागले. बारा वर्षांनी सिरियात तेच, फक्त मोठ्या मापाने. संशोधक नताशा हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, २०२० साली तिथे बदललेल्या मदतीच्या दर डॉलरमागे ५१ सेंट असद राजवटीच्या पदरात पडले. एकूण सुमारे ६ कोटी डॉलर. म्यानमारचा अनुभव गाठीशी असताना हे घडले, म्हणून त्याला अपघात म्हणता येत नाही. एकट्यादुकट्या संस्थेचे यात काही चालत नाही. दराची बोलणी सगळ्या संस्थांनी आणि देणाऱ्या देशांनी एकत्र बसून, पहिला डॉलर बदलण्याआधी करावीत.

ठेकेदाराच्या मागे कोण आहे ते पाहावे. ट्रक कोणाचे, गोदाम कोणाचे, मोबाइल कंपनी कोणाची, पाहुणे उतरतात ते हॉटेल कोणाचे? दमास्कसच्या फोर सीझन्स हॉटेलात संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी वर्षानुवर्षे राहिले. कारण सुरक्षिततेचे होते आणि ते खोटे नव्हते. पण त्या हॉटेलात हिस्सा असलेले उद्योगपती समेर फोझ यांच्यावर २०१९ मध्ये युरोपीय संघाने आणि अमेरिकेने निर्बंध घातले, तरी बिले चालूच राहिली. ती बिले ज्यांच्या वर्गणीतून भरली जात होती, त्यांत निर्बंध घालणारे हेच देश होते! स्थानिक भागीदार संस्थांनाही हाच नियम लावावा. अस्मा असद यांनी उभी केलेली ‘सिरिया ट्रस्ट’ कागदोपत्री स्वयंसेवी संस्था होती. अध्यक्षांच्या पत्नीची संस्था किती स्वयंसेवी असणार, हे कळायला लेखापरीक्षक लागत नाही.

सही कोणाची, ते नावानिशी मांडावे. इराकच्या ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेइतके याचे ठळक उदाहरण नाही. निर्बंधांमुळे होरपळणाऱ्या जनतेला अन्न-औषधे मिळावीत म्हणून १९९६ च्या अखेरीस ती सुरू झाली आणि २००३ पर्यंत चालली. या काळात सुमारे ६४ अब्ज डॉलरचे तेल विकले गेले. पैसा संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या खात्यात जमा व्हायचा, म्हणजे सद्दाम हुसेनचा हात त्याला थेट लागत नव्हता. मग त्याने पुरवठादारांकडूनच वसुली सुरू केली. मालाची किंमत साधारण दहा टक्के फुगवायची आणि ती वाढ ‘विक्रीपश्चात सेवा’ म्हणून बगदादला परत करायची. गव्हाच्या पोत्याला कसली आली आहे विक्रीपश्चात सेवा? ऑस्ट्रेलियाच्या गहू मंडळाने, म्हणजे एडब्ल्यूबीने, हीच रक्कम वाहतूक खर्च म्हणून जॉर्डनमधल्या ‘आलिया’ नावाच्या कंपनीला दिली. या घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या पॉल व्होल्कर यांच्या समितीने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतिम अहवाल दिला तेव्हा बेकायदा रकमा देणाऱ्या कंपन्यांची संख्या २,२०० च्या वर भरली, आणि सद्दामच्या हाती पडलेली रक्कम सुमारे १.८ अब्ज डॉलर.

पण मला या अहवालातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. हे करार सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीच्या डोळ्यांखालून जात होते. एखादा पंप किंवा रसायन शस्त्रासाठी वापरले जाईल या संशयावरून अमेरिका आणि ब्रिटनने अब्जावधी डॉलरचे करार रोखून धरले. फुगवलेल्या किमतीसाठी मात्र कोणी हात वर केला नाही. शिवाय योजनेच्या बाहेरून जॉर्डन आणि तुर्कस्तानात चोरटे तेल जातच होते. त्यातली कमाई या दलालीच्या कितीतरी पट होती, आणि ते दोन्ही देश मित्र असल्याने त्याकडे काणाडोळा झाला. घोटाळा फुटल्यावर खापर मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांवर फुटले. त्यांचा दोष होताच. योजनेचे प्रमुख बेनॉन सेवान यांच्यावर व्होल्कर समितीने ठपका ठेवला. तरीही निर्बंध समितीच्या टेबलाभोवतीच्या देशांना त्या मानाने फारच स्वस्तात सुटता आले.

थांबायची अट सुरुवातीलाच लिहून ठेवावी, आणि ती नेमकी असावी. उत्तर कोरियात जागतिक अन्न कार्यक्रमाचे तत्त्व होते: जिथे पाहणी करू देणार नाही, त्या जिल्ह्यात धान्य नाही. तत्त्व चांगले, अंमल अर्धामुर्धा. याउलट, जून २०२३ मध्ये इथिओपियात गहू मोठ्या प्रमाणावर भलतीकडे वळवला जात असल्याचे दिसल्यावर अमेरिका आणि अन्न कार्यक्रम यांनी देशभरातला अन्नपुरवठाच थांबवला. कित्येक महिने. निर्वासितांच्या छावण्यांतलाही. चोरणारे वेगळे आणि पोट मारले गेले ते वेगळे. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या मालावर, कोणत्या वाटेवर थांबायचे हे आधी ठरले असते तर सगळेच एकदम बंद करायची पाळी आली नसती.

दुसरी वाट उघडी ठेवावी. राजधानीतून जाणारा एकच रस्ता असला की राजधानीतला माणूस जकात घेणारच. सुरक्षा परिषदेच्या २०१४ च्या ठराव २१६५ ने सिरियात दमास्कसच्या संमतीशिवाय चार सीमानाक्यांवरून मदत नेण्याची मुभा दिली होती. रशिया आणि चीनच्या नकाराधिकारामुळे २०२० च्या जुलैपर्यंत त्यातला फक्त बाब अल-हवा उरला. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर संयुक्त राष्ट्रांचे पहिले ट्रक तिथून आत जायला ९ तारीख उजाडली. त्या तीन दिवसांचा जाब असदइतकाच नकाराधिकार वापरणाऱ्यांनाही विचारावा.

गेलेले पैसे परत मागावेत, चारचौघांत. झिंबाब्वेत मुगाबे यांच्या काळात रिझर्व्ह बँकेने एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्धच्या जागतिक निधीचे ७३ लाख डॉलर परस्पर वापरले. निधीने ते जाहीरपणे मागितले. पुढच्या अनुदानाचा निर्णय तोंडावर होता. नोव्हेंबर २००८ मध्ये, महागाईने देशाचे चलन कागदाच्या मोलाचे झालेले असताना, पैसे परत आले.

काय टाळावे

‘तिकडे असेच चालते’ म्हणणे. हे वाक्य बहुधा ज्याची सही असते तोच उच्चारतो.

मौनाला तटस्थपणा समजणे. १९८४-८५ च्या दुष्काळात इथिओपियाच्या मेंगिस्तू राजवटीने उत्तरेतल्या सुमारे ६ लाख लोकांना दक्षिणेकडे हलवले, पुष्कळांना बळजबरीने. धान्य आमिष झाले आणि वाटपाची केंद्रे सापळे. फ्रान्सच्या ‘मेदसाँ सां फ्राँतिएर’ या वैद्यकीय मदतसंस्थेने हे उघड बोलून दाखवले आणि डिसेंबर १९८५ मध्ये तिची देशातून हकालपट्टी झाली. बाकीच्या बहुतेक संस्था देशातच राहिल्या, काम करत राहिल्या, गप्प राहिल्या. राहण्याची कारणे त्यांच्याकडे होती. पण सगळ्या एका सुरात बोलल्या असत्या, तर सगळ्यांना हाकलणे मेंगिस्तूला जड गेले असते.

निघून जाणाऱ्याला भित्रा आणि राहणाऱ्याला सामील ठरवणे. १९९८ मध्ये हीच संस्था उत्तर कोरियातून स्वतःहून बाहेर पडली, कारण औषध-अन्न गरजूंपर्यंत जाते की नाही हे पाहताच येत नव्हते. अन्न कार्यक्रम राहिला. दोन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत. दोघांनीही आपले हिशेब खुले करावेत एवढेच मागावे.

सरकारी माणूस शेजारी उभा करून एखाद्या बाईला ‘धान्य मिळाले का?’ असे विचारणे. होकाराशिवाय दुसरे उत्तर देणे त्या बाईला परवडणारे नसते. आधी कळवून केलेली पाहणी ही पाहणी नव्हे.

बंदरातले टन मोजून अहवाल लिहिणे. टन ताटात पडत नाहीत.

पुराव्याआधी आकडा फेकणे. मार्च २०१० मध्ये बीबीसीने १९८५ च्या सुमारास इथिओपियातल्या बंडखोर भागात गेलेल्या मदतीतला मोठा वाटा शस्त्रांवर खर्च झाल्याचे वृत्त दिले. त्यातून बोट दुष्काळासाठी निधी उभारणाऱ्या बँड एडकडेही वळले. तसा पुरावा नसल्याचे मान्य करून नोव्हेंबरमध्ये बीबीसीने बँड एडची माफी मागितली. अशा माफीचा खरा फायदा चोरांनाच होतो: पुढचा खरा आरोपही मग सहज झटकता येतो.

‘यात आपला काय संबंध’ असे मानणे. २००५ मध्ये व्होल्कर अहवालाने दिल्लीही हादरली होती. इराकी तेलाच्या लाभार्थींच्या यादीत तेव्हाचे परराष्ट्रमंत्री नटवर सिंह आणि काँग्रेस पक्ष यांची नावे होती. सिंह यांनी आरोप नाकारले, पण आधी खाते गेले आणि डिसेंबरमध्ये मंत्रिपदही. पुढे न्या. पाठक चौकशीत, करार मिळवून देण्यासाठी त्यांनी वजन वापरल्याचे म्हटले गेले. त्यांना स्वतःला पैसे मिळाल्याचा पुरावा मात्र आढळला नाही. संसदेत, वाहिन्यांवर, कट्ट्यांवर चर्चा झाली ती तेलाचे बॅरल कोणाच्या वाट्याला गेले याची. पैसे देणाऱ्या पुरवठादारांच्या याद्यांत भारतीय कंपन्याही होत्या आणि त्यांच्या मालाची फुगवलेली किंमत इराकी माणसाच्या रेशनमधून कापली गेली होती, हा विषय जवळजवळ कोणी काढला नाही. आता तर आपण देणाऱ्यांच्याही रांगेत आहोत. तालिबानच्या ताब्यातल्या अफगाणिस्तानला भारताने ५०,००० टन गहू जाहीर केला, आणि २०२२ मध्ये पाठवायला सुरुवात करण्याआधी त्याचे वाटप तालिबानऐवजी जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत होईल असा करार केला. ती खबरदारी योग्यच होती. त्या गव्हाचा जिल्हावार हिशेब आपल्या खासदाराला विचारायलाही हरकत नाही.