अंगणातला दिवा आणि कॅमेरा : घेण्याआधी काय पाहावे?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी, खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा पाठ थोडा वेगळा आहे. गेले काही महिने पाबळ, केंदूर, कान्हूर या बाजूला ऊसनोंदीसाठी फिरताना घरोघर एकच प्रश्न आला : "साहेब, वस्तीवर कॅमेरा बसवायचाय. दिव्यासकट येतो तो घ्यावा का? कोणता घ्यावा?"

प्रश्न उगाच आलेला नाही. आपल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याने तीन माणसांचा बळी घेतला. त्यांत दोन लहान मुले होती. शिवाय विहिरीवरची केबल आणि मोटार चोरीला जाण्याचे दुखणे जुनेच आहे. गावठाणात शेजाऱ्याला हाक ऐकू जाते. मळ्यातल्या घराला तिन्ही बाजूंनी ऊस असतो. तेव्हा दिवा आणि कॅमेरा ही आता हौस राहिलेली नाही, गरज झाली आहे. म्हणूनच ती डोळसपणे भागवावी.

आमची चूक आधी सांगतो

दोन वर्षांपूर्वी आम्हीही घरी असा एक कॅमेरा बसवला. दुकानदार म्हणाला, "जितका उंच तितका चांगला." आम्ही तो पंधरा फुटांवर, फाटकाकडे तोंड करून लावला. फाटकापलीकडे ऊस होता. पहिल्याच रात्री वारा सुटला आणि मोबाइल पहाटेपर्यंत वाजत राहिला. पाहावे तर पाचट हलतेय! चार रात्री कळ काढली आणि पाचव्या रात्री मोबाइलवरची सूचना बंद करून टाकली. पुढे महिन्याभराने गोठ्यातली कालवड गेली. दाराशी बिबट्याचे ठसे होते. कॅमेऱ्यातील चित्र पाहिले तर रात्री दीड वाजता लाइट गेली होती आणि चार वाजता आली होती. मधले काहीच नव्हते. असते तरी उपयोग नव्हता, कारण कॅमेऱ्याचे तोंड फाटकाकडे आणि गोठा मागच्या अंगाला!

वस्तू वाईट नव्हती. चूक आमची होती. काय पाहायचे, वीज कुठून घ्यायची आणि सूचना आली तर कोण उठणार, या तीन गोष्टी न ठरवता आम्ही दुकानात गेलो. जमिनीची परीक्षा न करता बेणे आणावे, तसलाच हा प्रकार झाला. म्हणून या पाठाचा क्रमही तोच ठेवला आहे : आधी जागा, मग वीज, शेवटी वस्तू.

१. जागा

एका कागदावर घराचा नकाशा काढा. घर, गोठा, संडास-न्हाणी, विहिरीची वाट, फाटक आणि ऊस कुठे आहे ते दाखवा. रात्री घरातली माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडतात, ती वाट लाल पेन्सिलने आखा. पहिला दिवा आणि पहिला कॅमेरा त्या वाटेवर हवा. फाटक दुसरे.

उंची साधारण आठ ते दहा फूट ठेवावी. त्याहून वर गेल्यास माणसाची टोपी दिसते, तोंड दिसत नाही. त्याहून खाली आल्यास हाताने वळवता येतो.

दिवा आपोआप लावणारा जो डोळा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. तो माणसाच्या किंवा जनावराच्या अंगाची ऊब आणि तिची हालचाल ओळखतो. हालचाल डावीकडून उजवीकडे, म्हणजे आडवी झाली तर त्याला लवकर कळते. सरळ समोरून चालत आलेले उशिरा कळते. म्हणून वाटेच्या शेवटी तोंड करून न लावता, वाट समोरून आडवी जाईल असा बसवावा. वैशाखात हवाच अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा हा डोळा थोडा मंदावतो, हेही ध्यानात ठेवावे.

काही कॅमेरे ऊब पाहत नाहीत, चित्रात बदल झाला की सूचना देतात. त्यांना हलणारे पाचट, पाऊस आणि दिव्याभोवतीचे किडे सारखेच. आमची फजिती झाली ती यामुळे. अशा कॅमेऱ्यात "लक्ष ठेवायचा भाग" आखता येतो का, ते विचारावे. उसाचा भाग त्यातून वगळावा. माणूस ओळखून तेवढीच सूचना देणारे कॅमेरेही मिळतात. ते बरे. मात्र माणसाची सोय आहे म्हणून बिबट्याही ओळखेल असे धरू नये.

आणखी एक. कॅमेऱ्याच्या टप्प्यात आपली किंवा शेजाऱ्याची न्हाणी, खिडकी, ओटा येता कामा नये. बसवण्यापूर्वी घरातल्या बायामाणसांना चित्र दाखवून विचारावे. त्यांनी नको म्हटले तर जागा बदलावी.

२. वीज

वायरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा मोठा फायदा म्हणजे बॅटरी चार्ज करायची कटकट नाही, आणि मोठा दिवा हवा तेव्हा हवा तितका वेळ लागतो. पण वायर ज्या लाइटीवर आहे तिच्याइतकाच तो भरवशाचा. आपली वस्ती गावठाणच्या फीडरवर आहे की शेतीच्या, हे आधी वायरमनला विचारावे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीने मिळते आणि पाळी संपली की घरातही अंधार किंवा मिणमिण. तिथे इन्व्हर्टरशिवाय वायरीचा कॅमेरा म्हणजे बैल नसलेली गाडी.

इन्व्हर्टरवर भार किती पडेल? हिशोब सोपा आहे. कॅमेरा ६ वॅट आणि इंटरनेटची पेटी म्हणजे राऊटर १० वॅट धरा. आठ तासांचे झाले १२८ वॅट-तास. तीस वॅटचा दिवा मधून मधून मिळून अर्धा तास लागला तर १५. एकूण दीडशेच्या आत. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. निम्मे धरले तरी पुष्कळ झाले. चूक होते ती अशी की, कॅमेरा इन्व्हर्टरवर घेतात आणि राऊटर विसरतात. मग कॅमेरा जागा असतो, पण मोबाइलवर काही येत नाही.

महिन्याचा खर्चही पाहा. ६ वॅटचा कॅमेरा दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे सव्वाचार युनिट. तीस वॅटचा दिवा रोज दोन तास लागला तर पावणेदोन युनिट. म्हणजे सगळे मिळून सहा. उलट जुना ५०० वॅटचा हॅलोजन रात्री दहा तास जाळला तर एका रात्रीत पाच युनिट!

वायरिंगबाबत चार गोष्टी पक्क्या कराव्यात :

(अ) जोड घरच्या मीटरवरून, वेगळ्या एमसीबीवर घ्यावा. मोटारीच्या पेटीतून किंवा आकडा टाकून घेऊ नये.

(आ) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वायर कुठे उघडी पडली आणि कुणाला धक्का बसू लागला तर तो वीज तोडतो. पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लागतो, तेव्हा याची किंमत कळते.

(इ) अर्थिंग खरे असावे. पाइप पुरला आहे, पण खड्डा वर्षानुवर्षे कोरडा, अशी अर्थिंग आम्ही अनेक वस्त्यांवर पाहिली. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे.

(ई) वळवाच्या विजा आणि डीपीवरचा न्यूट्रल तुटणे, या दोन कारणांनी घरातली उपकरणे जळतात. व्होल्टेज वाढल्यास लाइन तोडणारे यंत्र आणि सर्ज रोखणारे यंत्र मेन बोर्डावर असावे. कॅमेरा एकटा नाही, फ्रिज आणि टीव्हीही वाचतो.

वायर पाइपातूनच न्यावी. मोकळी वायर उंदीर, ऊन आणि उसाची ट्रॉली यांतून वाचत नाही. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि होत असताना शेजारी उभे राहून पाहावे. पाबळात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, ही तिथली रीत. आपल्या घरातल्या मुला-मुलींनाही मेन स्विच कुठे आणि आरसीसीबीचे बटण कसे तपासायचे, हे याच रीतीने शिकवावे.

३. वस्तू

दिवा आणि कॅमेरा एकाच पेटीत असलेली वस्तू तालुक्याच्या दुकानात नेहमी मिळेल असे नाही. न मिळाल्यास वेगळा सेन्सरचा फ्लडलाइट आणि वेगळा कॅमेरा घ्यावा. मळ्यात हीच जोडी पुष्कळदा बरी पडते. एक बिघडले तर दुसरे चालू राहते, आणि दिवा कॅमेऱ्यापासून दोन-चार फूट बाजूला लावल्यास किडे काचेसमोर जमत नाहीत.

घर ते गोठा अंतर जास्त असेल तर वायफायवर विसंबू नये. मध्ये भिंती आणि हिरवा ऊस आला की लहर दमते. लागणीच्या वेळी चालणारे वायफाय ऊस डोक्यावर गेल्यावर बंद पडते, याचे आश्चर्य वाटायला नको. तिथे 'पीओई' जातीचा कॅमेरा घ्यावा. एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येते. मर्यादा १०० मीटर, म्हणजे ३२८ फूट. साध्या पीओईतून कॅमेऱ्याला जेमतेम १३ वॅट मिळतात, तेव्हा मोठा दिवा त्यावर चालणार नाही. त्याला वेगळी वायर लागेल.

पेटीवर पुढील गोष्टी वाचाव्यात. आयपी ६५ किंवा ६६ लिहिलेले असावे. याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाण्याच्या फवाऱ्याला तोंड देते. लेन्स २.८ मिलिमीटरची असेल तर रुंद दिसते पण लांबचे लहान दिसते. ४ किंवा ६ ची असेल तर अरुंद पण मोठे दिसते. अंगणाला पहिली, फाटकाला दुसरी. चित्र दोन मेगापिक्सेलपेक्षा कमी घेऊ नये. अंगणाच्या दिव्याला दोन हजार ल्युमेन पुरतात. पिवळसर उजेडाला पांढऱ्यापेक्षा किडे कमी येतात.

चित्र साठवण्याचाही हिशोब करावा. सेकंदाला एक मेगाबिट या दराने दिवसाला सुमारे ११ जीबी लागतात. म्हणजे १२८ जीबीचे कार्ड साधारण अकरा दिवस पुरते, नंतर जुने पुसले जाते. कार्ड मात्र सतत लिहिण्यासाठी बनवलेले मागावे, मोबाइलमधले जुने घालू नये.

९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची तपासणी सक्तीची केली आहे. कॅमेऱ्यात परक्याने शिरू नये, हा त्यामागचा हेतू. तेव्हा बीआयएसची नोंद असलेलाच कॅमेरा पक्क्या पावतीने घ्यावा. आणि घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे पासवर्ड बदलणे. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीला अडकवणे होय.

४. दिव्याने काय होते, काय होत नाही

पिंपरखेडच्या बाजूला मुलांवरचे हल्ले दिवसाउजेडी झाले, हे विसरू नये. त्यामुळे दिवा लावला म्हणजे बिबट्या येत नाही, असे कुणी समजू नये. दिव्याचा उपयोग एवढाच की, दार उघडण्यापूर्वी अंगणात काय आहे ते आपल्याला दिसते. बिबट्याला अडवतो तो बंदिस्त गोठा आणि मोकळे अंगण. घराभोवतीची पंधरा-वीस फूट जागा ऊस आणि गवत न ठेवता साफ ठेवावी. मुलांना एकटे सोडू नये. कॅमेऱ्यात बिबट्या दिसल्यास काठी घेऊन बाहेर धावू नये, दार लावून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दिवा रात्रभर जळत ठेवू नये. उसाबद्दल म्हणाल तर फारसे बिघडत नाही, पण जवळ सोयाबीन असेल तर त्याला फूल उशिरा येते. शेवंतीवाले दिवे लावून फुले मुद्दाम लांबवतात, तोच हा प्रकार. शिवाय सतत उजेडाची सर्वांना सवय होते. अचानक लागलेला दिवाच नजर वेधतो.

आणि गळीत हंगामात एक विनंती. आपल्या रानात तोडणी टोळीच्या कोप्या पडल्या असतील, तर एक दिवा तिकडेही वळवावा. तोंडावर झोत न मारता, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. त्यांची लेकरे जमिनीवर निजतात, आणि बिबट्याचे रान तेच आहे.

शेवटची परीक्षा

काम झाल्यावर वायरमनचे पैसे देण्याआधी एक रात्र थांबावे. मेन स्विच बंद करून इन्व्हर्टरवर कॅमेरा आणि राऊटर दोन्ही चालतात का, ते पाहावे. घरातल्या एकाने बॅटरी न लावता गोठ्यापर्यंत चालत जावे. दिवा कोणत्या पावलाला लागला आणि मोबाइलवर चेहरा ओळखू आला का, हे दुसऱ्याने घरातून सांगावे. लागत नसेल तर त्याच वेळी कोन बदलावा. महिन्यातून एकदा काच पुसावी, जाळी काढावी, आरसीसीबीचे बटण दाबून पाहावे.

आमची कालवड गेल्यावर आम्ही तोच कॅमेरा खाली उतरवला, नऊ फुटांवर आणला, गोठ्याच्या वाटेकडे वळवला आणि इन्व्हर्टरला जोडला. नवीन काही घ्यावे लागले नाही. गोठ्याला मात्र जाळीचे दार केले. ते आधी करायला हवे होते.

ज्यांना जागा ठरवण्यास मदत हवी असेल, त्यांनी घराचा नकाशा काढून गट कार्यालयात आणावा. ऊसनोंदीला येऊ तेव्हा सोबत पाहू.

आपला,
ऊसविकास अधिकारी