‘पर्यंत’ एकच, इंग्रजी शब्द दोन

प्रश्न : ‘सोमवारपर्यंत’साठी ‘अनटिल मंडे’ म्हणावे की ‘बाय मंडे’?

उत्तर : निर्णय तारखेवर नव्हे, क्रियापदावर अवलंबून आहे. ‘सोमवारपर्यंत थांबेन’ यात थांबणे तोवर सलग चालू राहते, म्हणून ‘अनटिल’. ‘सोमवारपर्यंत अहवाल देईन’ यात देणे एकदाच घडते आणि सोमवार ही त्याची शेवटची मुदत असते, म्हणून ‘बाय’. मराठीत हा फरक क्रियापदावरूनच कळतो, त्यामुळे एका ‘पर्यंत’वर भागते. इंग्रजीला तो शब्दयोगी अव्ययातच दाखवावा लागतो. संदर्भावरून समजतेच की, असे कुणी म्हणेल. नेहमी समजत नाही. ‘द ऑफिस विल बी क्लोज्ड अनटिल मंडे’ म्हणजे सोमवारी कचेरी उघडेल. तिथे ‘बाय’ घातले, तर सोमवार उजाडेपर्यंत ती बंद झालेली असेल, असा जवळजवळ उलटा अर्थ निघतो.

दुसरा आक्षेप असा, की दुकान उघडणे ही क्षणाची क्रिया, तरी ‘द शॉप डझन्ट ओपन अनटिल टेन’ बरोबर कसे? कारण नकारामुळे ‘न उघडणे’ ही दहापर्यंत टिकणारी स्थिती होते. नियम मोडत नाही, उलट पक्का होतो. ‘टिल’ आणि ‘अनटिल’ यांचा अर्थ एकच. मात्र रजेच्या अर्जात ‘अनटिल मंडे’ लिहिल्यास सोमवार रजेत धरायचा की नाही, हा घोळ उरतोच. तिथे कामावर हजर होण्याची तारीख सरळ लिहावी.