क्रँक पुली: बोल्ट सोडण्याआधी भाव सांगू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गाडीची क्रँक पुली बदलली. त्याचीच ही नोंद, गॅरेज चालवणाऱ्या आणि नव्याने सुरू करणाऱ्या मित्रांसाठी.

गिऱ्हाईक विचारतं, "पुलीचे किती घेणार?" आपण पटकन आकडा सांगून मोकळे होतो. नुकसान तिथेच सुरू होतं. आधी तीन गोष्टी बघा.

१. दोष पुलीचाच आहे का?
बऱ्याच गाड्यांत ही पुली दोन भागांची असते. आत हब, बाहेर जड रिंग, मध्ये रबर. हे रबर क्रँकशाफ्टचे हादरे शोषून घेतं. ते सुटलं की पुली डगमगते, बेल्ट ओरडतो, कधी बेल्ट उतरतो आणि बॅटरीचा दिवा लागतो. इंजिन बंद असताना हबपासून रिंगपर्यंत खडूची एक सरळ रेघ मारा. गाडी फिरवून आणा, इंजिन बंद करून परत बघा. रेघ तुटक झाली असेल तर रिंग घसरली आहे. रेघ जुळली तर टेन्शनर आणि अल्टरनेटरचे बेअरिंगही तपासा.

२. पुलीला चावी आहे का?
सगळ्यात मोठी जोखीम इथे आहे. फोर्डच्या काही इंजिनांत क्रँकवर चावीच नसते. टायमिंगचं चक्र फक्त बोल्टच्या दाबाने धरलेलं असतं. बोल्ट सैल केला की टायमिंग सरकू शकतं, आणि तसंच इंजिन सुरू केलं तर व्हॉल्व्ह वाकू शकतात. अशा इंजिनाला लॉकिंग टूल लागतं. म्हणून त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडल्याशिवाय पाना लावायचा नाही.

३. सोबत काय बदलणार?
बऱ्याच इंजिनांत पुली निघाली की मागचं ऑइल सील समोरच दिसतं. ते ओलं असेल तर आत्ताच बदला. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तिथे नवाच घ्या.

काम करताना
बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बेल्ट उतरवण्याआधी त्याच्या मार्गाचा फोटो घ्या. क्रँक फिरू नये म्हणून पुली धरायचं टूल वापरा. स्टार्टर मारून बोल्ट सोडण्याची युक्ती नको. पुलर हबवर लावा. बाहेरच्या रिंगला ओढलं तर रबर फाटतं. नवी पुली हातोड्याने ठोकू नका. शेवटी टॉर्क रेंच, आणि मॅन्युअलमध्ये असेल तर पुढचे अंशही. गनने "घट्ट झालंय" म्हणणं म्हणजे टॉर्क नव्हे.

आता हिशोब
समजा दोन तासांच्या कामाचं लेबर १,२०० रुपये घेतलं. म्हणजे तासाला ६००. पंधरा दिवसांनी सील गळालं आणि तेच काम फुकट करावं लागलं, तर चार तासांचे १,२००. तासाला ३००! शिवाय गिऱ्हाईकाचा विश्वास गेला तो वेगळाच.

म्हणून जॉब कार्डवर पुली, सील, बोल्ट आणि लेबर अशा चार ओळी वेगळ्या लिहा. गिऱ्हाईक सील नको म्हणालं तर तेही लिहून सही घ्या. जुनी पुली त्यांच्या हातात द्या आणि सुटलेलं रबर दाखवा. बिलावरची निम्मी घासाघीस तिथेच संपते.

तुमच्या जॉब कार्डवर या चार ओळी आहेत का? आजच बघा.