उजेड कोणाच्या खिडकीत?

आजचं वाचन: मत्तय 5:14–16 आणि मत्तय 6:1



नाताळ जवळ आला की आमच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "स्टूल धर गं!" म्हणजे पप्पा बाल्कनीच्या ग्रिलवर चढलेत. आजोबा नगरला असताना बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद खळीने चिकटवून पाच टोकांचा स्टार करायचे. पप्पांनी तो हात उचललाय. आमचा स्टार दरवर्षी घरीच होतो, आणि दरवर्षी एक टोक वाकडं होतं.

पण तीन वर्षांपूर्वी नुसत्या स्टारवर भागलं नाही. आमच्या मंडळीत घराच्या बाहेरच्या सजावटीची स्पर्धा असते. आदल्या वर्षी आमचा दुसरा नंबर आला होता, आणि पप्पांना तो दुसरा नंबर वर्षभर टोचत होता. (पहिला आला असता तरी टोचला असता, असं मम्मी म्हणते.) मग पप्पा, मी आणि धाकटा भाऊ तपकीर गल्लीत गेलो. बारा माळा, एक धबधब्यासारखी खाली सोडायची लाइटिंग, आणि भावाच्या हट्टाने एक लेझरचा डबा. तो भिंतीवर हिरवे ठिपके नाचवतो.

मग जे व्हायचं ते झालं. माळ्यावरची जुनी मिरची बल्बची माळ लावली तर पेटेचना. त्या माळेत सगळे बल्ब एकामागे एक जोडलेले असतात, एक सैल झाला की सगळी रांग अंधारात. पप्पा टेस्टर घेऊन दोन तास एकेक बल्ब दाबत बसले. धबधबा सुटून दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडला. 20 तारखेला पहाटे दव पडलं, एका जॉइंटमध्ये ओल गेली आणि घरातली लाइटच ट्रिप झाली. भावाची ऑनलाइन परीक्षा होती. त्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

पण त्या संध्याकाळी सगळं पेटलं तेव्हा मी खाली जाऊन रील काढली आणि खाली वचन टाकलं: मत्तय 5:16. तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या, या अर्थाचं. लाइक्स भरपूर आले.

21 तारखेला वॉचमन काका निरोप घेऊन आले. समोरच्या विंगमधल्या काकूंनी विचारलं होतं, रात्री दहानंतर ती नाचणारी लाइट बंद ठेवाल का?

पप्पा भडकले. "आपल्याच सणाला यांना त्रास होतो! इतर वेळी मोठमोठ्याने स्पीकर वाजतात तेव्हा आपण काही बोलतो का?" आमच्या बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घरं दोनच. पप्पांच्या रागामागे बरीच वर्षं साठलेलं काहीतरी होतं आणि ते सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मीही त्यांच्याच बाजूने होते. माझ्याकडे तर वचन होतं! दिवा मापाखाली झाकून ठेवायचा नसतो.

त्या रात्री मी ते वचन नीट वाचलं. सुरुवातीपासून, आणि पुढेही. थोडं पुढे 6:1 आहे. तिथे येशू सांगतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. मला वाटलं, हे काय? आधी म्हणतो लोकांना दिसू दे, मग म्हणतो दाखवू नको. अध्याय वेगळे असल्यामुळे आपण ही दोन वचनं शेजारी ठेवून वाचत नाही. पण अध्यायांचे आकडे 13व्या शतकात पडले. डोंगरावर बसून ऐकणाऱ्यांनी हे एकाच प्रवचनात ऐकलं.

मग दिव्याच्या वचनातले शब्द बघा. माप म्हणजे धान्य मोजायचं भांडं. दिवठणी म्हणजे दिवा ठेवायची उंच जागा. आणि दिवा म्हणजे तळहातावर मावेल अशी मातीची पणती, ऑलिव्हच्या तेलाची. गरिबाचं घर बहुतेक एकाच खोलीचं, म्हणून एका पणतीचा उजेड घरातल्या सर्वांना पुरायचा. अशा घरात कोणी पणतीकडे टक लावून बसत नाही. त्या उजेडात भाकरी दिसते, लेकराचं तोंड दिसतं, दाराची कडी दिसते. 5:16 मध्येही लोकांना दिसायची आहेत ती चांगली कामं, आणि ती पाहून गौरव करायचा तो स्वर्गातल्या पित्याचा. 6:1 मध्ये मात्र बघणाऱ्याची नजर करणाऱ्यावरच अडकावी अशी इच्छा आहे. माझ्या रीलमध्ये काय दिसत होतं? आमची बाल्कनी. तेवढंच.

सकाळी मी हे मम्मीला सांगितलं. ती करंज्या तळत होती. म्हणाली, "बरोबर आहे. पण आधी तिकडे जाऊन तर येऊ." मम्मीचा बायबल स्टडी असाच असतो.

करंज्यांचा डबा घेऊन आम्ही तिघं गेलो. पप्पा हो-नाही करत आले. काकूंनी दार उघडलं. आतल्या खोलीत काका पडून होते, डोक्यावर एकही केस नव्हता. चार महिने केमो चालू होती. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर राहतोय, आणि आम्हाला हे माहीतच नव्हतं.

काकांच्या पलंगाजवळ खिडकी होती. त्या खिडकीतून मी पहिल्यांदाच आमचं घर पाहिलं. बाहेरची सजावट घरातल्यांना दिसतच नाही हो! आतून आम्हाला दिसायच्या त्या वायरी, गाठी आणि चिकटपट्टी. आमची सगळी रोषणाई रात्रभर बघत होते ते हे काका. दिवसाउजेडी लेझर बंद होतं, पण ते ठिपके कुठे पडत असतील ते कळत होतं. बरोबर त्यांच्या उशीवर.

पप्पा म्हणाले, "माफ करा काका, कल्पना नव्हती. सगळंच काढून टाकतो आजच."

"सगळं नका काढू," काका म्हणाले. "तो तुमचा कागदाचा कंदील राहू दे. तो काही नाचत नाही. रात्री जाग आली की तो दिसतो. बरं वाटतं."

पप्पा काही बोलले नाहीत. घरी येऊन स्वतःच स्टुलावर चढले. 23 तारखेला परीक्षक आले तेव्हा बाल्कनीत एक स्टार होता, एका टोकाला वाकडा. त्या वर्षी आमचा कितवाही नंबर आला नाही, आणि पप्पांना थोडं वाईट वाटलं. तसं वाटलं नाही असं लिहिलं तर ते वाचून हसतील.

मत्तय 2:10–11 मध्ये मागी लोकांना तारा पाहून आनंद झाला, पण ते ताऱ्यापाशी थांबले नाहीत. ते घरात गेले आणि नमन केलं ते बाळाला. तो नाताळ संपल्यावरही मम्मी दर रविवारी उपासनेनंतर काकूंकडे जाऊन बसायची. कधी काकांसाठी प्रार्थना करायची, कधी नुसतं भाजी निवडत बसायची. सजावटीने जे जमलं नसतं ते त्या तक्रारीने जमवलं.

मित्रांनो, आज रात्री एक करा. लाइटिंग लावली असेल तर खाली उतरा आणि आपलं घर समोरच्या बाजूने बघा. मोबाईल घरीच ठेवा. आपला उजेड कोणाच्या खिडकीत जातो, ते बघा. आणि त्या खिडकीमागे कोण राहतं हे माहीत नसेल, तर उद्या विचारून या.

काका पुढच्याच पावसाळ्यात गेले. परवा काकू जिन्यात भेटल्या. पप्पांना म्हणाल्या, "अहो, डिसेंबर निम्मा संपला. कंदील कधी लावताय?"

प्रार्थना: प्रभू येशू, आज ज्यांना झोप येत नाही त्यांची घरं आम्हाला दाखव. काकूंच्या सोबत राहा. आणि पप्पा संध्याकाळी स्टुलावर चढणार आहेत, त्यांना सांभाळ. आमेन.