आगराला फाल्गुन जपावा

बाळा, घराचं काम उरकत आलं, आता बागेचं बघते म्हणालीस. रोपवाटिकेत जाण्याआधी आत्याचं एवढं ऐकून ठेव. आपल्या किनाऱ्यावर नवं रोप वैशाखापेक्षा फाल्गुनात जास्त दगावतं. सगळे मे महिन्याची धास्ती घेतात. मेमध्ये घामाने जीव नकोसा होतो हे खरं, पण समुद्राचा वारा सकाळीच सुरू होतो आणि पारा तेहतीस-चौतिसाच्या आसपास राहतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च संपेपर्यंतचे दिवस वेगळे. पहाटे गोधडी सोडवत नाही, पानांवर दव असतं, आणि त्याच दिवशी दुपारी ३७-३८ अंश. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती.

हे सगळं वाऱ्यामुळे होतं. रात्री जमिनीवरून मतलई वाहते, दिवसा खारा वारा. एरवी दहा-अकराच्या सुमाराला वारा फिरतो. पण घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा नेट धरून असला, की खारा वारा दुपारी एक-दोनपर्यंत अडकून पडतो आणि तोवर जमीन भाजून निघते. म्हणून शिमग्याच्या आगेमागे रोज अकरा वाजता अंगणात जाऊन माडाकडे बघायचं. झापं समुद्राकडे झुकत असतील, तर तो दिवस वाईट. नव्या रोपाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला विणलेलं झाप उभं कर, आळ्यात पातेरा जाड पसर. पाणी मात्र ऊन उतरल्यावरच. सुपारीला तर ही सावली हवीच. नैर्ऋत्येचं ऊन खोडावर पडलं की साल करपते, पुढे तिथेच चीर पडते.

आता झाडं. पुळणीच्या कडेची मर्यादवेल गडी साफ करायला निघाले, तर त्यांना आधी थांबव. आपट्यासारखी दुभंगलेली पानं आणि जांभळी फुलं, तीच. ती वाळू धरून ठेवते. ती गेली की वाळू ओट्यापर्यंत येते. तिच्या मागे केवडा आणि निगडी. केवडा वाटेपासून लांब लाव, पानांना काटे असतात.

त्यामागे उंडी लाव, आणि इथे हात आखडू नको. उंडीचं पान हातात घेऊन बघ: जाड, चकचकीत, मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक रेघा एकीला एक लागून. खारं पाणी उडालं तरी त्यावर टिकत नाही, ओघळून जातं. शेजारी आंब्याचं पान धर, समुद्राकडच्या फांदीवरचं. कडा तपकिरी, कुरकुरीत झालेली दिसेल. ते मिठाचं काम. उंडी हळू वाढते म्हणून लोक तिला टाळतात. मला ते पटत नाही. उंडी पिढ्यांसाठी लावायची. आपल्याकडे तिच्या बियांच्या तेलावर दिवे जळत आणि होड्यांनाही तेच तेल लावत.

घाई असेल तर भेंड आणि करंज. करंज उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतो. मेला समजून तोडू नको. चैत्रात अशी पोपटी पालवी येते की बघत राहशील. सुरूचं बन मला पसंत नाही. झाड ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचं, वाढतं भराभर, पण खाली सुयांचा थर साचतो आणि दुसरं काही उगवायची पंचाईत होते.

माड बाणवलीच घे, दोन माडांत २५ फूट सोड, आणि छपरापासून लांब लाव. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतं ना? श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत आगरंच्या आगरं आडवी झाली.

मोगरा, अबोली, जास्वंद हे सगळं गडग्याच्या आत, घराच्या पूर्वेला. पुढच्या अंगणात पांढरा चाफा, कण्हेर, बोगनवेल, सदाफुली. हिरवळीचा हट्ट सोड, तिच्यापायी विहीर आटेल.

लागवड पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर. म्हणजे फाल्गुन येईपर्यंत मुळांना आठेक महिने मिळतात. पश्चिमेला झाप मात्र नवरात्रापर्यंत ठेव. पावसाने उघडीप दिली आणि वारा चालूच राहिला, की पानांवर मीठ सुकतं. अशा दिवशी गोड्या पाण्याने पानं धुवायची.

आणि पाण्याची चव घेत जा. मार्चपासून पंप सलग चालवला की समुद्राजवळची विहीर मचूळ होते, कारण गोडं पाणी उपसलं की खालचं खारं वर चढतं. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, मध्ये विहिरीला भरू द्यायचं. जिभेला खारट लागलं तर ते पाणी माडाला चालेल, मोगऱ्याला नाही. आणि माडालाही बुंध्यातच घालायचं, कोवळ्या पानांवर उडवायचं नाही.