परसबागेसाठी बटाट्याचे बेणे तयार करणे

बटाट्याची लागवड कंदांपासून करतात. त्यामुळे मागील पिकाचे गुण जसे नव्या पिकात उतरतात, तसे त्याचे रोगही बेण्याबरोबर येतात. पुणे शहरातील परसबागेत दोन-तीन किलो बेणे लावणाऱ्यानेही ही गोष्ट मोठ्या बागायतदाराइतकीच ध्यानात ठेवावी.

बटाट्यावरील बांगडी रोगाची भारतातील पहिली नोंद १८९२ साली पुणे भागातूनच झाली. हा रोग सूक्ष्मजंतूंमुळे होतो. हिरवेगार झाड एकाएकी कोमेजते आणि कंद कापला असता सालीच्या आत तपकिरी कडे दिसते. त्यावरूनच बांगडी हे नाव पडले. हे जंतू जमिनीत टिकून राहतात व पुढे टोमॅटो, वांगी आणि मिरची या पिकांनाही ग्रासतात. म्हणून एका रोगट कंदाचे नुकसान एका हंगामापुरते नसते.

बेण्याची निवड

भाजीबाजारातील बटाटा खाण्यासाठी असतो. तो कोणत्या शेतातून आला व त्या शेतात कोणता रोग होता, हे कळत नाही. शक्यतो निळी खूणचिठ्ठी असलेले प्रमाणित बेणे घ्यावे. पुणे जिल्ह्यात मंचरच्या बाजारात पंजाबातून आलेले बेणे मिळते. दोन-चार परसबागांनी मिळून एक पोते घेतल्यास सोयीचे होते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद वाफ्यात ६० सेंटिमीटर अंतरावर पाच सऱ्या बसतात. सरीत २० सेंटिमीटरवर एक याप्रमाणे एकूण ७५ कंद लागतात. त्यासाठी सुमारे ४० ग्रॅम वजनाचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहून थोडे लहान असे ३ किलो कंद पुरेत. कुजलेले, मऊ पडलेले, डोळ्यांतून चिकट द्रव येणारे व बारीक केसासारखे मोड आलेले कंद काढून टाकावेत.

मोड आणणे

नुकताच काढलेला बटाटा सुमारे ८ ते १० आठवडे सुप्तावस्थेत असतो. तो लावल्यास उगवण फार उशिरा व विरळ होते. शीतगृहातील बेण्याची ही अवस्था बहुधा संपलेली असते. तथापि शीतगृहातून काढलेले बेणे एकदम उन्हात नेऊ नये. पहिला दिवस ते थंड सावलीत ठेवावे आणि वर पाणी सुटल्यास सुकू द्यावे. नंतर हवेशीर पडवीत किंवा गच्चीवरील छपराखाली सुपात अथवा टोपलीत एकाच थरात पसरावे. ऊन थेट पडू नये, परंतु उजेड भरपूर असावा. अंधारात मोड लांब, पांढरे व ठिसूळ होतात. उजेडात ते आखूड, जाड व हिरवट राहतात आणि लावताना मोडत नाहीत. शेंड्याकडील एकच मोड जोराने वाढत असल्यास तो खुडावा, म्हणजे बाकीचे डोळे फुटतात. दहा ते पंधरा दिवसांत मोड सुमारे १ सेंटिमीटर झाले की बेणे तयार झाले असे समजावे. उजेडाने हिरवा झालेला बटाटा विषारी असतो; उरलेले बेणे स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये.

फोडी करणे

लहान कंद अखंड लावणे हेच सर्वांत सुरक्षित होय. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या कंदातही बांगडीचे जंतू असू शकतात आणि विळीच्या पात्याने ते एका कंदातून दुसऱ्यात जातात. पावसाळी पिकात तर फोडी कुजण्याचे भय अधिक असते, म्हणून त्या हंगामात फोडी करूच नयेत.

रब्बीत मोठे कंद कापणे भाग पडल्यास दोन सुऱ्या घ्याव्यात. एक वापरात असताना दुसरी उकळत्या पाण्यात ठेवावी व प्रत्येक कंदानंतर सुरी बदलावी. शेंड्यापासून देठाकडे उभा काप घ्यावा आणि प्रत्येक फोडीस दोन-तीन डोळे व सुमारे ४० ग्रॅम वजन ठेवावे. कापात तपकिरी कडे दिसल्यास अथवा दाबताच दुधाळ थेंब आल्यास तो कंद जाळून टाकावा. फोडींचा ढीग न करता त्या सावलीत पसराव्यात, वर ओलसर गोणपाट घालावे आणि दोन दिवसांनी कापावर पातळ साल धरल्यावर लावाव्यात. मॅन्कोझेबच्या द्रावणात, म्हणजे १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम या प्रमाणात, बेणे १० मिनिटे बुडवल्यास बुरशीस आळा बसतो. बांगडीवर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

लागवडीची वेळ

पुण्यात ऑक्टोबरचा उष्मा ओसरल्यावर, महिन्याच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या पूर्वार्धापर्यंत लागवड करावी. तापलेल्या जमिनीत बेणे कुजते. मागील दोन-तीन वर्षांत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेतलेला वाफा टाळावा. मका, कांदा, लसूण किंवा कोबी घेतलेली जागा चांगली.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कंदाचा उभा काप, सुरी बदलण्याची रीत आणि मोडांतील फरक प्रत्यक्ष करून दाखवावा. बांगडीवर पीक उभे असताना उपाय नाही. तो लागवडीपूर्वीच्या पंधरवड्यातच करावयाचा असतो.