जमिनीची नाडीपरीक्षा : दूषित भूमीचे निदान, उपचार आणि डॉक्टरांचे प्रशिक्षण

रुग्णाचा पूर्वेतिहास घेताना आपण त्याचे वय, व्यवसाय, व्यसने आणि कुटुंबातील आजार विचारतो. तो कोणत्या विहिरीचे पाणी पितो, त्याचे घर पूर्वी कशासाठी वापरल्या गेलेल्या जागेवर उभे आहे, परसातील भाजी कोणत्या मातीत पिकते, हे प्रश्न मात्र बहुधा राहून जातात. दूषित हवा नाकाला जाणवते, गढूळ पाणी डोळ्यांना दिसते. दूषित जमीन वर्षानुवर्षे मुकी राहते. तिची पहिली तक्रार पुष्कळदा दवाखान्यात येते, तीही दुसऱ्याच कुठल्या तरी आजाराच्या नावाने. म्हणूनच दूषित भूमीची पारख व शुद्धी या अभियंत्यांच्या मानल्या गेलेल्या विषयाचा परिचय आपणां वैद्यकीय व्यावसायिकांना असणे अगत्याचे आहे.

दूषित भूमी म्हणजे काय?

जमिनीत एखादे घातक द्रव्य सापडले एवढ्याने ती जमीन धोकादायक ठरत नाही. या शास्त्राचा पाया तीन दुव्यांच्या साखळीवर आहे : उगम, मार्ग आणि ग्राहक. विषारी द्रव्य हा उगम. धूळ, भूजल, पीक किंवा लहान मुलांचे मातीत खेळणे हा मार्ग. आणि माणूस, गुरे वा नदी हा ग्राहक. तिन्ही दुवे जुळले तरच धोका संभवतो. उपचाराचे सूत्रही यातूनच निघते. उगम काढून टाकावा, मार्ग तोडावा, अथवा ग्राहकाला दूर ठेवावे. संसर्गजन्य रोगांच्या संदर्भात आपण हेच सूत्र शिकलो आहोत.

आपल्या परिसराची प्रकृती

बार्देश, पेडणे व डिचोली या तालुक्यांतील सडे जांभ्या दगडाचे आहेत. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यातील मुबलक पाणी तो मुरवतो आणि पायथ्याशी झरींच्या रूपाने बाहेर सोडतो. त्यामुळे सड्यावर जे टाकावे ते खालच्या वाड्यावरील विहिरीत उतरण्याची शक्यता असते. साळगावच्या सड्यावर अनेक वर्षे कचरा उघड्यावर टाकला जात होता आणि खालची प्रसिद्ध झर बिघडल्याची तक्रार ग्रामस्थ करीत होते. २०१६ मध्ये त्याच सड्यावर कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. जुना ढीग उकरून, चाळून, माती, प्लॅस्टिक व इतर पदार्थ वेगळे करण्याची पद्धतही या निमित्ताने आपल्याला परिचित झाली.

डिचोलीचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. उघड्या खाणीत एक टन खनिज मिळविण्यासाठी त्याच्या दुपटी-तिपटीने माती व दगड बाजूला टाकावे लागतात. या ढिगाऱ्यांवरून पावसात वाहणारा गाळ ओहोळांत, शेतांत व पुढे नदीत जातो. शिरगाव येथे खाणीचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेल्याने विहिरी आटल्याची तक्रार ग्रामस्थांनी उच्च न्यायालयापर्यंत नेली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी काही काळ सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खाणकामाला नव्याने आरंभ झाला. म्हापसेकरांनी हा प्रश्न शेजारच्या तालुक्याचा म्हणून सोडून देणे परवडणारे नाही. आपल्या नळाला अस्नोड्याहून येणाऱ्या पाण्याचा एक स्रोत डिचोली तालुक्यातील आमठाणे धरण हा आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लाल माती म्हणजे विषारी माती नव्हे. जांभ्या जमिनीत लोहाचे, आणि काही ठिकाणी मँगनीज व क्रोमियमचे प्रमाण निसर्गतःच अधिक असते. परदेशी तक्त्यातील मर्यादा जशीच्या तशी लावली तर निरोगी जमीनही रोगी ठरेल. म्हणून संशयित जागेजवळच्या, परंतु मानवी हस्तक्षेप न झालेल्या मातीचा नमुना तुलनेसाठी घेणे हा या विद्येतील पहिला धडा होय.

निदानाच्या पायऱ्या

१. पूर्वेतिहास : जुने नकाशे, भूमापनाच्या नोंदी, कारखान्याचे परवाने आणि वयस्कर ग्रामस्थांच्या आठवणी. एकही फावडे न मारता अर्धे निदान येथेच होते.

२. प्रत्यक्ष तपासणी : जागेवर फिरून मातीचा रंग, वास, सुकलेली झाडे, उतार, विहिरी व वस्तीचे अंतर यांची नोंद. उगम-मार्ग-ग्राहक यांचा कच्चा आराखडा याच टप्प्यावर काढतात.

३. नमुने : कोठून, किती खोलीवरून, कोणत्या ऋतूत व कोणत्या बाटलीत नमुना घेतला, तो कोणाच्या हातून प्रयोगशाळेत गेला, याची अखंड नोंद हवी. पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे भूजल एकसारखे नसते.

४. जोखमीचे मापन : द्रव्याचे प्रमाण, संपर्काचा काळ आणि ग्राहकाचे वय यांवरून धोक्याचा अंदाज. लहान मूल हाताला लागलेली माती तोंडात घालते, म्हणून निवासी जागेची मर्यादा औद्योगिक जागेपेक्षा कडक असते.

५. उपचार व पाठपुरावा : माती उकरून नेणे, धुणे, तापविणे, जीवाणूंकरवी विघटन घडविणे, किंवा अभेद्य आवरणाखाली बंदिस्त करणे, आणि त्यानंतर अनेक वर्षे भूजलाची तपासणी.

पाचव्या पायरीवर खरा वाद उद्भवतो. किती स्वच्छ झाले म्हणजे स्वच्छ म्हणावे? कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना पाऱ्याच्या कचऱ्यावरून २००१ मध्ये बंद झाला. तेथील मातीच्या शुद्धीकरणासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम पारा ही मर्यादा ठरविण्यात आली, तेव्हा ती अधिक कडक असावी असा आग्रह पर्यावरण कार्यकर्त्यांनी धरला. असा आकडा केवळ खर्चाच्या हिशेबाने ठरू नये, हे सांगण्याचा अधिकार व कर्तव्य वैद्यकाचे आहे.

दवाखान्यातील तपासणी

संशयित भागातील रुग्णाची चाचणी करतानाही प्रशिक्षण लागते. लघवीतील आर्सेनिक प्रामुख्याने गेल्या काही दिवसांतील संपर्क दर्शविते. मासे, सुंगटे व तिसऱ्या यांत निरुपद्रवी स्वरूपाचे सेंद्रिय आर्सेनिक असते. गोमंतकीय रुग्णाने आदल्या दिवशी हुमणाचा आस्वाद घेतला असेल तर एकूण आर्सेनिकचा आकडा फुगलेला येईल आणि विनाकारण घबराट पसरेल. चाचणीपूर्वी तीन-चार दिवस मासळी वर्ज्य करावी, किंवा सेंद्रिय व असेंद्रिय आर्सेनिक वेगळे मोजून घ्यावे. पाऱ्याचेही तसेच. रक्तातील पारा बहुधा मासळीचा हिशेब सांगतो; असेंद्रिय पाऱ्यासाठी व पाऱ्याच्या वाफेच्या दीर्घ संपर्कासाठी लघवीची तपासणी अधिक उपयुक्त ठरते.

प्रशिक्षणाची स्थिती

अमेरिकेतील लव्ह कॅनॉल येथे रासायनिक कचरा पुरलेल्या जागेवर शाळा व घरे उभी राहिली. १९७८ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर झाली. लोईस गिब्स या गृहिणीने घरोघर जाऊन आजारांची नोंद केली. शास्त्रज्ञ बेव्हर्ली पेगन यांच्या साहाय्याने त्या नोंदी जुन्या, बुजलेल्या ओहोळांच्या रेषेशी ताडून पाहिल्या गेल्या. त्या घटनेतून १९८० चा भूशुद्धीचा कायदा आला आणि पुढे अशा जागेवर काम करणाऱ्यांसाठी ४० तासांचे सुरक्षा प्रशिक्षण बंधनकारक झाले.

आपल्या देशात नागपूरची नीरी ही संस्था या क्षेत्रातील जुनी जाणकार आहे. २०१० मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मंजूर झालेल्या प्रकल्पातून हैदराबादचे नूर मोहम्मद कुंटा तळे व कोलकात्याचे धापा येथील कचराक्षेत्र अशा जागा प्रात्यक्षिकासाठी निवडल्या गेल्या. डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे आणि तो मोलाचा आहे. पण त्याचा रोख कारखान्यातील कामगाराकडे असतो. कारखान्याच्या कुंपणाबाहेरील विहिरीचा विचार त्याच्या मुख्य कक्षेत येत नाही.

नवे नियम आणि गोव्याची अडचण

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रथमच अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी सहामाही द्यावी, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावी, त्यानंतर सविस्तर सर्वेक्षण व्हावे आणि खर्च दूषित करणाऱ्याने सोसावा, असा क्रम त्यात आहे. मात्र खाणकाम, कचऱ्याचे ढीग, समुद्रातील तेलगळती व किरणोत्सारी कचरा यांना स्वतंत्र कायदे असल्याने ते सर्वसाधारणपणे या नियमांबाहेर ठेवले आहेत. त्यांत अन्य घातक द्रव्य मिसळून ठरावीक मर्यादा ओलांडली गेली तरच हे नियम लागू होतात. गोमंतकाचे दोन मोठे प्रश्न, खाण आणि कचरा, नेमके याच अपवादात बसतात. मर्यादा ओलांडली गेली हे सिद्ध करण्यासाठी नमुने व नोंदी लागणार, आणि त्या स्थानिक माणसांनीच ठेवाव्या लागणार.

आपले स्वतःचे अंगण

या चर्चेत वैद्यकीय क्षेत्राने स्वतःला वगळू नये. १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी पाच लाखांहून कमी लोकवस्तीच्या शहरांत व ग्रामीण भागांत खोल पुरण्याची मुभा दिली होती. सुमारे दोन मीटर खड्डा, तो अर्धा भरल्यावर चुना व मातीचे आवरण, आणि प्रत्येक खड्ड्याची नोंद, अशी अट होती. ते खड्डे आज कोठे आहेत? त्यांच्यावर कोणी बांधकाम तर केले नाही? पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम, तर रक्तदाब मापकात शंभर ग्रॅमच्या आसपास पारा असतो. कपाटात पडून असलेली जुनी उपकरणे भंगारात वा कचऱ्यात न देता अधिकृत यंत्रणेकडेच सोपविली पाहिजेत.

काही सूचना

- आपल्या संस्थेने वर्षातून एक दिवस दूषित भूमीवरील कार्यशाळा घ्यावी. त्यात भूजलतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ व कायदेतज्ज्ञ डॉक्टरांसमवेत बसावेत.
- रुग्णपत्रिकेत गाव, वाडा व पिण्याच्या पाण्याचा स्रोत असे तीन रकाने वाढवावेत. एका दवाखान्याच्या नोंदीतून फारसे दिसणार नाही. वीस दवाखान्यांच्या नोंदी एकत्र आल्या तर नकाशा तयार होईल.
- सदस्यांनी आपापल्या रुग्णालयातील जुन्या पुरलेल्या खड्ड्यांची माहिती संकलित करावी.
- संशय आल्यास वृत्तपत्राकडे जाण्यापूर्वी रीतसर नमुना घेऊन लेखी कळवावे. कच्च्या पुराव्यावरील ओरड खऱ्या तक्रारीचेही बळ घालविते.

जमीन एकदा दूषित झाली की तिची शुद्धी करण्यास पिढी लागते; नोंदवहीत तीन रकाने वाढविण्यास एक मिनिट पुरते. डिचोलीच्या खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत, पेडण्याच्या सड्यांवर नवे बांधकाम उभे राहत आहे. आज त्या वाड्यांवरील विहिरींची व माणसांची स्थिती लिहून ठेवली, तरच दहा वर्षांनी काय बदलले हे सांगता येईल. ही नोंद ठेवण्यास डॉक्टरांइतका योग्य माणूस गावात दुसरा क्वचितच सापडेल.